शिडाच्या बोटीवर निवांत आठवडा: ग्रीसच्या आयोनियन बेटांचा रूट कसा आखायचा

बोटीवर आठवडाभर राहायचं ठरलं की बहुतेक जण पहिलं काम करतात ते नकाशा उघडून बेटं मोजायचं. सात दिवस आहेत ना, मग सात बेटं, जमलं तर आठ. बस टूरची सवय असते आपल्याला, सकाळी सहाला नाश्ता, सातला बॅगा खाली, पण शिडाच्या बोटीवर ही पद्धत लावली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं कंटाळतात, मोठी माणसं थकतात आणि ज्यासाठी एवढे पैसे घातले तो समुद्र बघायला कुणाला वेळच उरत नाही. म्हणून हा लेख, ज्यांनी आजवर कधी बोट चार्टर केलेली नाही आणि ज्यांना खरंच निवांत सुट्टी हवीय त्यांच्यासाठी.

चार्टर म्हणजे अख्खी बोट आठवड्यासाठी भाड्याने घ्यायची, तिच्यातच झोपायचं, जेवायचं आणि दर दिवशी एका नव्या बंदरात किंवा खाडीत मुक्काम करायचा. क्रूझ जहाज वेगळं, हे वेगळं. इथे चाळीस-पंचेचाळीस फुटांची बोट असते, तीन-चार केबिन, छोटं किचन, आणि कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं.

आधी जागा नीट निवडा

ग्रीस म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात सँटोरिनी आणि मायकोनॉस येतं. ती सिक्लाडीस बेटं, एजियन समुद्रातली, आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो, सहा-सात बोफोर्टचा (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप), कधी त्याहून जास्त, आणि तो सलग चार-पाच दिवससुद्धा टिकतो. अनुभवी लोकांना त्यात मजा येते पण पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला नाही, एखाद्या बेटावर दोन दिवस अडकून पडायची वेळ येऊ शकते. बोटीने जायचं असेल तर पहिल्या वेळी तिकडे जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, ती बेटं फेरीबोटीने बघा.

माझी शिफारस ग्रीसच्या पश्चिमेच्या आयोनियन समुद्राची, त्यातही लेफकाडा, मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका आणि केफालोनियाचं उत्तर टोक एवढ्याच भागाची. सगळी बेटं एकमेकांना धरून आहेत, मध्ये मोठा उघडा समुद्र फारसा लागत नाही, बेटांच्या आडोशाने लाट कमी असते, भरती-ओहोटीचा फरक इतका किरकोळ की त्याचा विचारच करायला लागत नाही (कोकणातल्या माणसाला हे आधी खरंच वाटत नाही). शिवाय लेफकाडा बेट मुख्य भूमीला रस्त्याने जोडलेलं आहे. प्रेवेझाजवळचा अक्तिओ विमानतळ जेमतेम अर्ध्या तासावर, आणि अथेन्सहून बसने आलात तर पाच-सव्वापाच तास.

दुसरा पर्याय सारोनिक आखात, म्हणजे एजिना, पोरोस, हायड्रा. अथेन्सच्या अगदी जवळ, त्यामुळे प्रवास वाचतो. पण वीकेंडला अथेन्सकरांची गर्दी असते. दोन्ही चांगले, खाली मी आयोनियनचंच सांगतेय कारण निवांतपणासाठी ते उजवं आहे.

महिना

सीझन साधारण मे ते ऑक्टोबर. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि हे फार छान जुळतं, कारण मे मध्ये भाडं ऑगस्टपेक्षा बरंच कमी, धक्क्यांवर जागा मोकळी, डोंगर अजून हिरवे. एक लक्षात ठेवा, पाणी गार असतं, १९-२० अंश. डुंबायची हौस असेल तर सप्टेंबर, तेव्हा पाणी २४-२५ पर्यंत तापलेलं असतं. ऑगस्ट शक्यतो टाळाच, अर्धा इटली तेव्हा इथे उतरतो आणि दुपारी दोननंतर चांगल्या बंदरात जागा मिळवणं हाच दिवसभराचा उद्योग होऊन बसतो.

स्किपर घ्या, आणि केबिन मोजताना त्याला धरा

ग्रीसमध्ये बोट स्वतः चालवायला घ्यायची तर लायसन्स असलेला एक माणूस आणि अनुभव असलेला दुसरा एक असावा लागतो. तुमच्याकडे हे नसेल तर कंपनीकडूनच स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्यायचा. दिवसाला साधारण १५० ते २५० युरो पडतात, शिवाय त्याचं खाणं आपल्याकडे आणि झोपायला त्याला जागा. म्हणजे चार केबिनची बोट घेतलीत तर तुमच्या वाट्याला तीनच. हा हिशोब बुकिंगच्या आधी करायचा, नाहीतर कुणाला तरी आठवडाभर बाहेरच्या सोफ्यावर झोपायची पाळी येते.

बोट एका धडाची साधी घ्यायची की दोन धडं जोडलेली कॅटामरान, हा प्रश्न सगळे विचारतात. साधी बोट वाऱ्यात एका बाजूला कलते, स्वस्त पडते, धक्क्यावर कमी जागेत मावते. कॅटामरान सपाट राहते, ऐसपैस असते, पण भाडं बरंच जास्त, आणि छोट्या बंदरात दोन बोटींची जागा खाते. सत्तरीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर मी कॅटामरान घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण कलणं एवढंच नाही. बोट धक्क्याला मागच्या बाजूने लावतात आणि उतरायला एक फळी टाकतात, तिला पासरेल म्हणतात. साधारण फूटभर रुंद, बऱ्याच बोटींवर कठडा नाही, खाली पाणी, आणि बोट हलली की फळीही हलते. तरुण माणूस दोन उड्यांत पलीकडे जातो, पण गुडघेदुखी असलेल्या आजींना दिवसातून चार वेळा त्यावरून जायला लावणं म्हणजे त्यांची सुट्टी तिथेच संपली. कॅटामरानच्या मागच्या पायऱ्या रुंद असतात, दोन्ही बाजूंनी हात द्यायला माणूस उभा राहू शकतो.

वारा समजून घ्या, रूट त्यावरच ठरतो

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय आपण, जमीन तापली की समुद्राकडून वारा येतो वगैरे. आयोनियनमध्ये उन्हाळ्यात वाऱ्याचा दिवस तसाच ठरलेला असतो. सकाळी पाणी आरशासारखं, वारा जवळपास शून्य. बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून माइस्त्रो नावाचा वारा सुरू होतो, तीन-चार वाजता तो जोरात असतो, साधारण चार बोफोर्ट, कधी पाच, आणि सूर्य मावळला की पडतो. रोज अगदी असंच होईल असं नाही, पण चांगल्या हवेत बहुतेक दिवस असंच असतं.

यातून रूटचे दोन नियम निघतात. दक्षिणेला जायचं असेल तेव्हा दुपारी निघा, वारा पाठीमागून येतो, शिडं भरतात, इंजिन बंद, बोट सरळ सुखात चालते. उत्तरेला परत यायचं असेल तेव्हा सकाळी नाश्ता करून निघा, वारा यायच्या आत इंजिनवर निम्म्याहून जास्त अंतर काटून टाका. उलटं केलंत तर दुपारभर वाऱ्याच्या तोंडावर आपटत जायचं, सगळं ओलं आणि निम्म्या लोकांना मळमळ. हवामानासाठी स्किपर त्याचं बघतोच, तुम्हीही विंडी किंवा ग्रीसचं पोसायडन या हवामानाच्या साइट बघत जा, म्हणजे तो आज इथेच थांबू म्हणाला तर का ते कळतं.

अंतराचा हिशोब

बोट सरासरी पाच नॉट धरा, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. सायकलचा वेग. तेव्हा नकाशावर बोटभर दिसणारं अंतर अडीच-तीन तासांचं असतं. निवांत सुट्टीसाठी दिवसाला दहा ते पंधरा मैल पुरे, म्हणजे दोन-तीन तास चालणं, आणि त्यात मध्ये एखाद्या खाडीत पोहायला आणि जेवायला थांबा. वीस मैलांच्या वर फक्त एखाद्याच दिवशी, तेही सगळे तयार असतील तर.

आणि मुक्कामाला तीनच्या आसपास पोचायचं. उशिरा पोचलं तर जागा नाही, वारा सगळ्यात जोरात, आणि त्या वाऱ्यात बोट मागे घेत लावायची म्हणजे स्किपरचीही परीक्षा.

शेवटाकडून सुरुवात करा

नवे लोक शनिवारपासून पुढे पुढे आखत जातात. तुम्ही शुक्रवारपासून मागे या. चार्टर जवळजवळ सगळीकडे शनिवार ते शनिवार असतं, पण बोट हातात मिळते शनिवारी संध्याकाळी पाचला आणि बेसवर, म्हणजे जिथून घेतली त्या बंदरात, परत आणायची शुक्रवारी संध्याकाळी, डिझेल भरून. शनिवारी सकाळी नऊला सामानासकट बाहेर. म्हणजे सात दिवसांचे पैसे, फिरायचे दिवस सहा, त्यातला शेवटचा परतीचा. म्हणून गुरुवारची रात्र बेसपासून पंधरा मैलांच्या आतच हवी. हे एकदा पक्कं झालं की बाकीचे दिवस आपोआप बसतात.

मधला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. त्या दिवशी कुठे जायचं हे लिहूच नका. कुणी आजारी पडलं, वारा वाढला, एखादं गाव फार आवडलं तर तो दिवस तिथे वापरायचा, काहीच झालं नाही तरी एक दिवस पाण्यात डुंबण्यात आणि पुस्तक वाचण्यात गेला तर बिघडत नाही.

लेफकाडाहून एक आठवडा, मी असा आखेन

शनिवार: बोट ताब्यात घ्या, किराणा भरा, मरीनातच (बोटी लावायच्या बंदरात) झोपा. पहिल्याच संध्याकाळी निघायची घाई नको. बोट दाखवतात तेव्हा दोघांनी तरी नीट लक्ष द्या, टॉयलेट कसं चालवायचं, गॅसचा वॉल्व्ह कुठे, लाइफ जॅकेट कुठे, पाण्याची टाकी किती. डिपॉझिट दोन-चार हजार युरोंचं असतं, त्यामुळे आधीचे ओरखडे फोनवर फोटो काढून ठेवा. मग सगळे जण स्किपरबरोबर नकाशा घेऊन बसा आणि त्याला साफ सांगा: आम्हाला दिवसाला तीन तासच चालायचंय, लहान मुलं आहेत, दोघं शाकाहारी आहेत. सांगितलं नाहीत तर तो त्याचा नेहमीचा रूट धरतो, आणि तो बहुतेक वेळा जरा जास्तच लांबचा असतो.

रविवार: कालव्यातून दक्षिणेला. लेफकाडाचा कालवा तीनेक मैलांचा, दोन्ही बाजूंना उथळ पाणी, खुणांच्या मधूनच हळूहळू जायचं. (बेटाच्या उत्तर टोकाला तरंगता पूल आहे आणि दिवसा तो ठरावीक वेळी बोटींसाठी उघडतो, पण मरीना पुलाच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याला तो लागत नाही, प्रेवेझाहून बोट घेतलीत तर लागेल.) मग निद्रीवरून, स्कोर्पिओसला वळसा घालून मेगानिसी. स्कोर्पिओस हे ग्रीक जहाजमालक ओनासिसचं खाजगी बेट होतं, १९६८ मध्ये जॅकलिन केनेडीशी त्याचं लग्न तिथेच झालं. आजही ते खाजगीच आहे, लांबून बघायचं. मुक्काम स्पार्तोखोरीच्या खाली. तिथे टॅव्हर्नांचे, म्हणजे ग्रीक खानावळींचे, स्वतःचे धक्के आहेत, त्यांच्याकडे जेवायचं आणि बोट बांधायचे पैसे नाहीत अशी पद्धत आहे. गाव वर डोंगरावर, ऊन उतरल्यावर वळणावळणाचा रस्ता चढून जा, वरून अख्खा समुद्र दिसतो.

सोमवार: कास्तोस. छोटं बेट, छोटं गाव, मोजकी माणसं, बंदराच्या वर जुनी पवनचक्की. इथे करायला काही नाही आणि म्हणूनच ते यादीत आहे. वाटेत कालामोसच्या दक्षिण टोकाजवळ पोर्तो लिओने लागतं, १९५३ च्या भूकंपानंतर लोक सोडून गेलेलं गाव, तिथे दुपारी नांगर टाकून पोहता येतं.

मंगळवार: इथाकाचं किओनी, होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसिअसचं बेट हेच. बंदराच्या तोंडाशी तीन पडक्या पवनचक्क्या दिसल्या की समजायचं पोचलो. जागा कमी, त्यामुळे आज लवकर पोचायचंच.

बुधवार: हा तो रिकामा दिवस. किओनीतच राहा, नाहीतर इथाकाच्या उत्तर टोकाला वळसा घालून केफालोनियातल्या फिस्कार्दोला जा. १९५३ च्या त्याच भूकंपात केफालोनियाची बहुतेक घरं पडली पण फिस्कार्दो वाचलं, म्हणून जुनी रंगीत घरं अजून धक्क्यावर उभी आहेत. सुंदर आहे, महाग आहे, गर्दीचं आहे. मे मध्ये नक्की जा, ऑगस्टमध्ये मी किओनीतच थांबेन.

गुरुवार: सकाळी लवकर उत्तरेला, लेफकाडाच्या दक्षिणेचं सिवोता. डोंगरात आत शिरलेली वळणदार खाडी, बाहेर कितीही वारा असो, आत शांत. परतीच्या आधीच्या रात्रीसाठी याहून चांगली जागा नाही.

शुक्रवार: पुन्हा सकाळीच निघा, वाटेत एकदा शेवटचं पोहणं, कालवा, डिझेल पंपावर रांग (सगळ्याच बोटी आज येतात, चारच्या आत पोचा), बेस.

धक्क्याला बोट लावताना तुम्ही काय करायचं

इथे बोट आडवी लावत नाहीत. समोर तीन-चार बोटींच्या लांबीवर नांगर टाकायचा, मग उलटं मागे येत धक्क्याजवळ पोचायचं आणि मागचे दोन दोर धक्क्यावर द्यायचे. तुमचं काम दोनच गोष्टी. दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे हवेने फुगवलेले रबरी गोळे, बरोबर उंचीवर लटकवायचे. आणि मागचे दोर मोकळे, कशात न अडकलेले, कठड्याच्या बाहेरून घेऊन हातात तयार ठेवायचे. दोर नेहमी वाऱ्याच्या बाजूचा आधी. बोट धक्क्यावर किंवा शेजारच्या बोटीवर जातेय असं वाटलं तरी हात किंवा पाय मध्ये घालायचा नाही, दहा टन वजन हाताने थांबत नाही, मध्ये फेंडर सरकवायचा. लहान मुलांना या दहा मिनिटांसाठी आत बसवा, आणि स्किपरशी कुणीही गप्पा मारू नका.

खाणं

सोपा हिशोब: नाश्ता आणि दुपारचं बोटीवर, रात्रीचं टॅव्हर्नात. दोन शेगड्यांचा गॅस असतो, पोहे, उपमा, खिचडी आरामात होते. पोह्यांचं पाकीट, मसाले, चहाची पावडर आणि छोटा कुकर घरून न्या, बाकी सगळं लेफकाडात मिळतं. तिथल्या एंग्लुवी गावच्या मसुरा प्रसिद्ध आहेत, मिळाल्या तर घ्याच, आमटी एवढी छान होते की तिखट-मीठ आणि लसणीपलीकडे काही लागत नाही.

शाकाहारी लोकांचे ग्रीसमध्ये हाल होतात ही समजूत चुकीची आहे. मेनूवर लादेरा हा भाग शोधा, तेलात शिजवलेल्या भाज्या असतात. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले राजम्यासारखे मोठे पांढरे दाणे, ब्रिआम म्हणजे भाजलेल्या भाज्या, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, दुधीसारख्या कोवळ्या झुकिनीचे वडे, पालकाचा स्पानाकोपिता. भरलेले टोमॅटो घेताना मात्र आत खिमा आहे का विचारा, दोन्ही प्रकारचे असतात.

सामान, पाणी, लाइट

घडी होणाऱ्या मऊ बॅगा आणा, चाकांची कडक सूटकेस ठेवायला बोटीवर जागाच नसते. डेकवर अनवाणी किंवा पांढऱ्या तळाचे मऊ बूट. टाकीत तीन-चारशे लिटर पाणी असतं, आठ माणसांना ते दोन दिवसांत संपतं, त्यामुळे समुद्रात अंघोळ आणि वरून अर्धा मिनिट गोडं पाणी. धक्क्यावर वीज असेल तरच २३० व्होल्ट मिळतात, एरवी फोन चार्जिंगपुरतीच, मिक्सर आणि हेअर ड्रायर घरीच राहू द्या. टॉयलेटमध्ये कागद अजिबात टाकायचा नाही, डब्यात टाकायचा, पाइप तुंबला तर सगळ्यांचा एक अख्खा दिवस जातो.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. कोणती ते आपल्या डॉक्टरला विचारा. आलेपाकाच्या वड्या बरोबर ठेवा, आणि त्रास वाटला की केबिनमध्ये जाऊन पडू नका, बाहेर बसून क्षितिजाकडे बघा.

काय कधी करायचं

बोट सहा-आठ महिने आधी बघायला लागा, मे साठी दिवाळीच्या आसपास ठरलं की चांगली बोट मिळते. मुलांची वजनं तेव्हाच कळवा, म्हणजे त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट बोटीवर येतील. ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि राहण्याचा पुरावा म्हणून चार्टरचा करार आणि त्यावर तुमची सगळ्यांची नावं असलेली क्रू लिस्ट जोडा. नावं आणि नंबर पासपोर्टवर आहेत तसेच, ही यादी बंदर पोलिसांनाही लागते. तारखा पक्क्या झाल्या की विमान, आणि त्यात एक रात्र अथेन्सची दोन्ही टोकांना धरा. शनिवारी सकाळी नऊला बोटीवरून उतरून त्याच दुपारचं अथेन्सहून मुंबईचं विमान पकडायच्या भानगडीत पडू नका, शनिवारी सगळ्याच बोटींची माणसं एकदम उतरतात, टॅक्सी मिळत नाही आणि बसची तिकिटं आधीच संपलेली असतात, ती तिकिटं मिळत असतील तितक्या लवकर काढून ठेवा.